निळ्या रेसरचं गाव शोधून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या दुरुस्तीच्या दुकानातून बाबांची जुनी सायकल घरी आणली तेव्हा घाईघाईत नुसतं ‘थँक्यू’ म्हणून निघाले. ते पुरेसं नव्हतं, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण जुनी सायकल माळ्यावरून काढलेल्या प्रत्येकाला तुमच्यासारखं माणूस भेटावं असं मनापासून वाटतं.

तुमच्याकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका दुकानात गेले होते. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं, “फ्रेम घासून पावडर कोटिंग मारू, नवी कोरी दिसेल.” मी जवळजवळ हो म्हणाले होते. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी बजावलंत, “ताई, रंगाला हात लावायचा नाही. कुठली आहे ते आधी हिलाच विचारू.”

आमच्या घरी ती कायम ‘इटलीची रेसर’ होती. बाबांनी ती १९८१ साली कोरेगाव पार्कात, आश्रमातल्या एका गोऱ्या माणसाकडून घेतली. त्या वर्षी रजनीश अमेरिकेला गेले, मागोमाग बरेच परदेशी परतले आणि जाताना सामान विकत गेले. मागच्या गिअरवर ‘कॅम्पॅग्नोलो’ या इटालियन कंपनीचं नाव कोरलेलं, म्हणजे सायकल इटलीची, असा बाबांचा सरळ हिशोब. त्याच सायकलवर ते सदाशिव पेठेतून पिंपरीच्या कारखान्यात जात आणि रविवारी कात्रजचा घाट चढत.

तुम्ही बॉटम, म्हणजे पायडलचा आस बसतो तो फ्रेमचा खालचा भाग, उघडलंत तेव्हा मी शेजारी स्टुलावर बसले होते. उजव्या बाजूचा कप (छर्रे बसतात ती आट्यांची वाटी) काही केल्या सुटेना, मग तुम्ही पाना उलटा फिरवलात आणि तो निघाला. तुम्ही मान वर करून म्हणालात, “हे इटलीचं नाही.” इटालियन बॉटमला दोन्हीकडे सरळ आटे असतात, तोंड ३६ मिलिमीटरचं आणि रुंदी ७०. हिला उजवीकडे उलटे आटे, आणि व्हर्नियर लावला तर रुंदी ६८. म्हणजे इंग्रजी माप. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. पण तुम्ही आटे मोजायची पट्टी काढलीत. इंचाला २४ भरले. रॅले या इंग्रजी कंपनीच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यातल्या काळ्या सायकलींना २६ असायचे, हे तुम्हाला हातांनी माहीत होतं. तुम्ही उमेदवारी करत होतात तेव्हा तसले कप या पेठांमधून दिवसाला चार बदलले जायचे म्हणे.

मग रॉकेल आणि जुना टूथब्रश. बॉटमच्या पोटाखालचा चाळीस वर्षांचा चिखल निघाला, तुम्ही पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासलीत, आणि आधी ‘डब्ल्यू’ उमटला, मग एक अक्षर, मग ५ आणि पुढचे आकडे. डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप. इंग्लंडमधल्या त्या गावात कार्लटन या सायकल कंपनीचा कारखाना होता. १९६० मध्ये रॅलेने कार्लटन विकत घेतली आणि पुढे चांगल्या रेसर तिथेच बनवल्या. ५ म्हणजे १९७५. ते ८५ नसेल कशावरून, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात की बाबांनी ८१ला घेतलेली सायकल ८५ची कशी असेल! शिवाय गिअरच्या पाठीवर ‘पेटंट ७४’ आहेच. सीटच्या नळीत २७.२ मिलिमीटरचा पाइप अलगद उतरला, म्हणजे नळी पातळ पत्र्याची, आणि नळीवर पुसट ‘रेनॉल्ड्स ५३१’ दिसलं. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीची ही नळी टोकांना जाड आणि मधे पातळ असते. ही सायकल एका हाताने जिना का चढते, ते मला तेव्हा समजलं. फ्रेम घासून घेतली असती तर ते अक्षरही गेलं असतं आणि नंबरही बुजला असता.

पण काका, खरे आभार मानायचेत ते पुढच्या गोष्टीसाठी. चाळीस वर्षं ‘इटलीची’ म्हणून सांगणाऱ्या बाबांना हे कसं सांगायचं, या विचाराने मी दोन रात्री तळमळले. ते दुकानात आले. तुम्ही त्यांना बसवलंत, चहा मागवलात, गिअर त्यांच्या हातात दिलात आणि म्हणालात, “साहेब, हा इटलीचाच. तुमचं बरोबर होतं. फ्रेम इंग्लंडची. ती कुणाच्या तरी हाताने जोडलीय, मशीनने नाही, या लगच्या, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या खोबणीच्या, कडा बघा.” बाबा चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ त्या कडा बघत राहिले. मग त्यांनी तुम्हाला कात्रजच्या चढावर चेन तुटल्याची गोष्ट सांगितली. ती मी कधीच ऐकली नव्हती.

एवढं करून पैसे घेतलेत फक्त छर्रे, ग्रीस आणि दोन्ही चाकांची आऊट (डुगडुग) काढल्याचे. नंबर शोधायला किती संध्याकाळी गेल्या, ते तुम्ही धरलंच नाहीत. पेन्सिलने घासलेला तो कागद आम्ही फ्रेम करून भिंतीवर लावलाय. त्याची दुसरी प्रत तुमच्यासाठी काढलीय, ती घेऊन बाबा रविवारी सकाळी येतील, सायकलवरूनच. पुढचा ब्रेक अजून थोडा ओरडतो, तेवढा बघाल का?

आपली,
निळ्या रेसरवाल्यांची मुलगी