तिसऱ्या दिवशीची रेघ

पुणे, २९ मार्च

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही याची टोचणी आहेच, पण आज लिहायला बसलो ते तिच्यामुळे नव्हे. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे असे काही घडले आहे की ते घरी सांगून कळणार नाही आणि कार्यालयात सांगितले तर त्याचा लगेच अहवाल होतो. माझा रक्तदाब गोळीने ठीक आहे, आईचा गुडघा तसाच आहे.

माकडतापाच्या, म्हणजे जंगलातल्या गोचिडीतून होणाऱ्या त्या विषाणूच्या तापाच्या, झटपट चाचणीच्या पट्टीचे काम तुला ठाऊक आहे. काजूचा हंगाम लागताच आम्ही ती तिकडच्या आरोग्यकेंद्रांत वापरून पाहू लागलो. बोटाच्या रक्ताचा एक थेंब, वर द्रावणाचे दोन थेंब आणि पंधरा मिनिटे थांबायचे. रक्तात आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर शरीर आधी तयार करते ती, प्रतिपिंडे असली तर सोन्याचे अतिसूक्ष्म कण त्यांच्यासह ठरलेल्या जागी अडकतात आणि लालसर रेघ उमटते. प्रत्येकाचे रक्त आरटीपीसीआरसाठी, म्हणजे थेट विषाणू शोधायला, प्रयोगशाळेतही जात होते, आणि अभ्यास पुरा होईपर्यंत पट्टीवरून उपचार ठरवायचे नाहीत हे तिथल्या प्रत्येकाला मी स्वतः शिकवले होते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काजू गोळा करणारी एक बाई आली. तापाचा तिसरा दिवस, डोके ठणकत होते, कंबर धरलेली. पट्टीवर फक्त नियंत्रणाची, म्हणजे पट्टी नीट चालली एवढेच सांगणारी, रेघ आली. ड्यूटीवरच्या मुलाने ती पाहिली, माकडताप नाही असे सांगितले आणि तापाच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवले. चार दिवसांनी प्रयोगशाळेचा निकाल आला, तो माकडतापाचा. तोवर हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते आणि तिला गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात हलवावे लागले. काल ती घरी आली. वाचली, अनंता.

त्याच खेपेच्या राखून ठेवलेल्या पट्ट्या मी रात्री बसून तपासल्या. एकही बिघडलेली नव्हती. ही प्रतिपिंडे शरीरात तयार होऊन सापडायलाच साधारण पाचवा दिवस उजाडतो. तिसऱ्या दिवशी विषाणू रक्तात असतो, पण आमची पट्टी ज्याला शोधते ते अजून नसतेच. हे माहितीपत्रकाच्या सहाव्या परिच्छेदात स्पष्ट लिहिले आहे आणि तो परिच्छेद माझाच आहे. त्या रात्री मला वसतिगृहाच्या गच्चीवर मलेरियाच्या पट्टीवरून झालेले आपले भांडण आठवले. लोक रेघ वाचतात, पत्रक वाचत नाहीत, असे तू म्हणाला होतास, मी तुला अडाणी म्हटले होते, आणि तू दोन दिवस माझ्या पंक्तीला बसला नव्हतास. रविवारी श्रीखंड होते म्हणून तह झाला. तुझे म्हणणे खरे होते. त्या मुलाला मी एक शब्दही बोललो नाही. बाहेर तीस माणसांची रांग असताना हातातल्या पट्टीने 'नाही' म्हटले, तर त्याने ते खोटे का मानावे?

शुक्रवारी पट्टीचा आराखडा कायम करायची बैठक आहे. बहुतेकांचे मत असे, की आहे तीच पट्टी ठेवावी आणि 'तापाच्या पाचव्या दिवसाआधी वापरू नये' एवढे वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापावे. मला विषाणूचे एनएस१ प्रथिन पकडणारी दुसरी रेघ हवी आहे, म्हणजे पहिल्या दिवसांतले रुग्णही सापडतील. पण त्यासाठी त्या प्रथिनाला दोन वेगळ्या जागी धरणाऱ्या प्रतिपिंडांची जोडी हवी, आणि ती डेंगीच्या एनएस१ला धरणारी नको. दोन्ही विषाणू एकाच फ्लेविव्हायरस कुळातले. समज, हजार तापकऱ्यांत खरा माकडताप दहांनाच आहे आणि चाचणी दर शंभर इतर तापकऱ्यांत तिघांना चुकून माकडताप ठरवते. मग दहा खऱ्यांबरोबर जवळपास ३० जणांची विनाकारण धावाधाव होईल. शिवाय तापाच्या पहिल्या तीन दिवसांचे, खात्रीचे रक्तनमुने आहेत कुठे? १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली तेव्हापासून हा रोग माहीत आहे, सिंधुदुर्गात तो २०१६पासून आहे, तरी असे नमुने मोजकेच मिळतात, कारण तिसऱ्या दिवसापर्यंत माणूस अंगातला ताप घेऊन बागेतच असतो. पडलेला काजू थांबत नाही.

म्हणजे आणखी एक हंगाम जाणार. विषाणू जागच्या जागी तपासणारे ट्रूनॅटचे यंत्र जवळ आहे तेथे लोकांचे अडणार नाही, पण जेथून नमुना पाठवायलाच दिवस जातो अशा वाडीत सहाव्या दिवशी आलेल्या माणसाला आजची पट्टीही उपयोगी पडली असती. ती मी अडवून धरली आणि पुढच्या मार्चमध्ये असा एखादा दगावला, तर? ती बाई डोळ्यांसमोरून जात नाही आणि हा अजून न आलेला माणूसही जात नाही.

धाकटीची बारावी एव्हाना संपली असेल, तिला आशीर्वाद. वास्तुशांतीला आलो नाही म्हणून वहिनी रागावल्या असतील. मे महिन्यात येऊन मुक्कामच करतो. सरांचे कळले, त्यावर भेटीतच बोलू.

एक काम कर. तुझ्या दवाखान्याची नोंदवही उघड आणि या हंगामातल्या शेवटच्या पन्नास तापकऱ्यांपैकी किती जण पाचव्या दिवसाआधी आले ते मोजून मला गुरुवारी रात्रीपर्यंत फोनवर सांग. लिहून पाठवू नकोस, तुझे अक्षर तुझ्या औषधवाल्यालाही लागत नाही.

तुझा,
दिनू