ताम्हिणीत सायकलवाल्यांना कडेची जागा तरी द्या

संपादक, स.न.वि.वि.

ट्रॅफिकमध्ये सायकल म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, तरी या हिवाळ्यात एकटीच दिवेआगरला सायकलने गेले, पौड, मुळशी, ताम्हिणी मग माणगाव, म्हसळा असा रस्ता, अंतर दीडशे किमीच्या वर म्हणून मध्ये माणगावला मुक्काम. सुरूच्या बनातून सायकल ढकलत वाळूवर पोचले तेव्हा खरंच डोळे भरून आले. पण घाटात भीती उताराची नव्हती हो, मागून येणाऱ्या गाड्यांची होती. पांढऱ्या पट्टीबाहेर जी हातभर जागा असते तिथेच खडी, वाळू नि बाटल्यांच्या काचा, मग चाक आत घ्यावं लागतं आणि नेमका तेव्हाच कुणीतरी कानाशी हॉर्न दाबतो. ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं हे आपण अभिमानाने सांगतो ना, मग पावसाळा संपल्यावर निदान ही कड झाडून घ्या आणि वीकएंडला वळणांवर ओव्हरटेक करणाऱ्यांना दंड लावा. घाबरणारे बरेच जण आहेत, विशेषतः बायका, त्याही निघतील.

एक सायकलस्वार, कोथरूड, पुणे