आधी बायोस, मग क्लाउड

महोदय,
एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या व्हीएमवेअर सॉफ्टवेअरच्या कायमस्वरूपी लायसन्सची विक्री २०२३ अखेर बंद झाल्यापासून अनेकजण प्रॉक्समॉक्स या पर्यायी सॉफ्टवेअरकडे वळताहेत. घाई मात्र इन्स्टॉलेशनची असते. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय, म्हणजे इंटेलची व्हीटी-एक्स किंवा एएमडीची एएमडी-व्ही, बंद असेल, तर प्रॉक्समॉक्सच्या केव्हीएम या इंजिनवर व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही. झेडएफएस ही फाइल सिस्टीम वापरणार असाल तर रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र जोडणारे कार्ड) एचबीए मोडवर, म्हणजे डिस्क थेट दिसतील असा, न्या. नाहीतर डिस्कची खरी प्रकृती सॉफ्टवेअरला कळत नाही. घरगुती एसएसडी तर नकोच (खरेदी समितीला तीच आवडते!): वीज गेल्यावर डेटा राखणारे कपॅसिटर नसल्याने सिंक-राइटला (डेटा डिस्कवर पक्का झाल्यावरच पुढे जाणाऱ्या लेखनाला) ती रांगते. दोनच नोडचा (सर्व्हरचा) क्लस्टर केला, तर एक पडताच कोरम (निर्णयासाठी लागणारे बहुमत) जातो आणि उरलेल्यावर मशीन सुरू करता येत नाही. तिसरा सर्व्हर परवडत नसल्यास जुन्या पीसीवर क्यूडिव्हाइस (फक्त तिसरे मत देणारी सेवा) चालवा.

– एक सिस्टीम ॲडमिन, पुणे