मटण चिवट निघालं, दोष धनगराचा नव्हे

प्रति,
संपादक

महोदय,

शिमग्याला आमच्या वाडीत तीन घरांनी मिळून एक कोकरू घेतलं. घाटावरचा एक धनगर दर वर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली उतरतो, भात कापून झालेल्या शेतांत ती बसवतो आणि पावसाआधी परत जातो. त्याच्याकडूनच घेतलं. सकाळी कापलं, तासाभरात वाटे पडले. एका घरी मटण लगेच चुलीवर चढलं. बाकी दोन घरी पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते, म्हणून त्यांनी तुकडे पिशव्यांत भरून थेट फ्रीजरमध्ये टाकले. पहिल्या घरी रस्सा उत्तम झाला. दुसऱ्या दिवशी या दोन्ही घरी आठ-आठ शिट्ट्या झाल्या तरी तुकडा दाताने तुटेना. लगेच बोलणी सुरू झाली, "धनगराने म्हातारी मेंढी गळ्यात मारली." तिन्ही वाटे एकाच जनावराचे होते, हे कोणाच्या ध्यानातच येईना.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. त्या कोकराचं तोंड मी स्वतः उघडून पाहिलं होतं. सगळे दुधाचे दात, म्हणजे फार तर वर्ष-सव्वा वर्षाचं. एका प्रामाणिक माणसाचं नाव विनाकारण खराब झालं, ते मला सहन होत नाही, म्हणून हे पत्र.

जनावर कापलं तरी त्याचे स्नायू काही तास जिवंत असल्यासारखेच वागतात. रक्त थांबल्याने प्राणवायू मिळत नाही, मग ते आपल्यातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूतल्या साखरेचा, साठा जाळतात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं. सामू (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७ च्या आसपास असतो, तो ५.५ पर्यंत उतरतो. ऊर्जा पार संपली की ॲक्टिन आणि मायोसिन हे धागे एकमेकांत अडकून बसतात आणि मांस ताठ होतं. ताठ झाल्यावर लगेच शिजवलेलं मटण चिवट लागतं. तेच ० ते ४ अंशांत ठेवलं, तर मांसातलीच कॅल्पेन नावाची विकरं धाग्यांना सांधणारी प्रथिनं हळूहळू तोडतात. कोकराच्या मटणात दोन-तीन दिवसांत फरक जाणवतो, आठवडाभरात बहुतेक काम झालेलं असतं. पहिल्या घरचं मटण ताठ होण्याआधीच शिजलं, म्हणून त्यांचं निभावलं.

मग फ्रीजरने काय बिघडवलं? स्नायूत ऊर्जा शिल्लक असतानाच तो १० अंशांच्या खाली गेला, तर जोरात आखडतो. हाडावर असला तर हाड त्याला थोडं तरी ताणून धरतं, सुटा तुकडा मात्र मोकळेपणी आकसतो. गोठून पुन्हा वितळताना तर तो निम्म्यापर्यंत आखडू शकतो आणि रसही गळून जातो. असं आखडलेलं मांस पुढे ठेवूनही नीट मऊ होत नाही. न्यूझीलंडहून १८८२ साली 'ड्युनेडिन' जहाजातून गोठवलेल्या मेंढ्यांची धडं लंडनला गेली आणि त्या देशाचा मोठा व्यापार उभा राहिला. थंडीने स्नायू आखडतो हे तिथल्याच लॉकर आणि हॅगयार्ड या संशोधकांनी १९६३ साली दाखवून दिलं. त्यानंतर तिथे कापलेल्या धडाला विजेचे झटके देऊन ऊर्जा लवकर संपवायची आणि मगच गोठवायचं, ही पद्धत रुळली.

आपल्या दमट उकाड्यात मटण बाहेर ठेवून चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून घरी एवढं करावं : खाटकाकडून रान, म्हणजे मागची मांडी, हाडासकट अखंड घ्यावी, झाकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, एक-दोन दिवसांनी तुकडे करावेत. साठवायचंच असेल तर फ्रीजर त्यानंतर. परसातल्या कच्च्या पपईचा उपयोग होतो, पण तिचा चीक वरवरच काम करतो, आखडलेला तुकडा ती सोडवू शकत नाही.

खरी गरज आहे ती नगरपालिका आणि नगरपंचायतींच्या कत्तलखान्यांशेजारी एका थंड खोलीची. धड आधी काही तास १५ अंशांच्या आसपास टांगावं, ताठ झाल्यावर अधिक थंडीत न्यावं. आणि जनावरांना आदल्या दिवशी सावली, पाणी आणि विसावा मिळावा. टेंपोत कोंबून, तहानलेली, घाबरलेली आणलेली मेंढी ग्लायकोजेन आधीच संपवून बसते. मग पुरेसं आम्ल तयार होत नाही, मटण काळपट, चिकट होतं आणि लवकर खराब होतं. मुक्या जनावराचे हाल होतात ते वेगळेच. मटण विक्रीचे परवाने देणाऱ्यांनी या दोन गोष्टींचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तो धनगर अजून आमच्या वरच्या शेतात आहे. ज्या दोन घरांनी त्याला बोल लावला, त्यांना मी हे पत्र आधी वाचून दाखवलं. त्यातले एक काका काल स्वतः त्याच्या वाड्यावर जाऊन आले.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
श्रीवर्धन, जि. रायगड