वणव्याच्या दिवसांत बालाघाटातील सायकलस्वारी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगररांगेत डांबरी रस्ता सोडून गाडीवाटांनी आणि मेंढरांच्या वाटांनी सायकल चालवणाऱ्यांपैकी मी एक आहे. मांजरसुंब्याचा घाट चढून कपिलधारच्या बाजूला, नाहीतर पाटोदा तालुक्यात नायगावच्या मयूर अभयारण्याच्या कडेने किंवा सौताड्याच्या दरीकडे, असे आमचे फिरणे वर्षभर चालते. मात्र सर्वांत जास्त सायकली या वाटांवर दिसतात त्या माघ, फाल्गुन आणि चैत्रात, कारण तेव्हा ओढे आटलेले असतात, काळ्या मातीचा चिखल चाकांना धरत नाही आणि सकाळी नऊ-दहापर्यंत ऊन सोसवते. नेमके हेच दिवस माळ पेटण्याचे आहेत. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वन विभाग वणव्याचा हंगाम मानतो. या काळात डोंगरावर धूर दिसला की सायकलस्वाराने तेथूनच माघारी फिरावे आणि त्याची वर्दी द्यावी, तसेच कोणत्या वाटा बंद आहेत हे आम्हाला निघण्याआधी कळेल अशी सोय व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी होळीच्या आधीच्या रविवारी आम्ही चौघे पहाटे बीडहून निघालो होतो. साडेनऊच्या सुमारास समोरच्या सोंडेवर धुराची पातळ रेघ दिसली. ती दोन डोंगर पलीकडे आहे, वारा तिकडेच वाहतो आहे आणि आपण तासाभरात खिंड ओलांडून खाली उतरू, असा हिशेब करून आम्ही पुढे गेलो. जाळ जवळून पाहण्याची आणि त्याचे छायाचित्र घेण्याची ओढही त्या हिशेबात होती, आणि ती चूक सर्वस्वी आमची होती. अकरा वाजण्याच्या आत वारा फिरला. आमची वाट ज्या घळीतून वर चढत होती, तिच्या तोंडाशीच गवत पेटले आणि धूर इतका दाटला की पुढच्या माणसाची सायकल दिसेना. आम्ही घाबरून वर, खिंडीच्या दिशेने पळू लागलो. तेवढ्यात शेजारच्या रानातून एका वयस्क मेंढपाळाची हाक आली, "लेकरांनो, वर नका पळू, जाळ तुमच्या आधी वर जाईल. इकडं नांगरटीत या." सायकली तिथेच टाकून, बांध ओलांडून आम्ही त्यांच्यामागे नांगरलेल्या ढेकळांत जाऊन उभे राहिलो. आम्ही ज्या उतारावरून खिंड गाठणार होतो, तो काही मिनिटांत काळा पडला. आम्हाला हाक देण्यासाठी त्या बाबांनी आपली मेंढरे एका लहान मुलाच्या भरवशावर सोडली होती, हे नंतर कळले आणि ते आजही मनातून जात नाही.

बाबा जे बोलले, ते आगीच्या शास्त्राला धरूनच होते. उतारावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, त्यांची धग पुढचे गवत पेटण्याआधीच सुकवते आणि तापलेली हवा वर चढताना जाळालाही वर ओढते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब जगभर मानला जातो. अरुंद घळ तर धुराड्याचेच काम करते. कुसळी आणि पवन्या गवत वाळल्यावर इतके हलके होते की त्यातला जाळ चढावर धावणाऱ्या माणसाला सहज मागे टाकतो, मग खांद्यावर सायकल घेतलेल्याची काय कथा. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी भटकंतीला गेलेल्या तरुण-तरुणींना असाच उतारावरच्या गवतात वणव्याने गाठले आणि त्यात वीसहून अधिक जीव गेले. तेव्हा ही बातमी सर्वत्र छापून आली होती. आम्हीही ती वाचली होती, आणि तरीही त्या रविवारी आम्ही पुढे गेलो.

आमच्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बाहेरून येणाऱ्या सायकलस्वारांच्या सहसा ध्यानात येत नाही. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली माणसे कारखान्यांचे पट्टे पडून हंगाम संपेपर्यंत, म्हणजे बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत, फडावरच असतात. माळ पेटतो तेव्हा वस्त्यांवर आणि तांड्यांवर म्हातारी माणसे आणि लेकरे उरलेली असतात. त्या दिवशी लिंबाचे आणि उंदीरमारीचे ओले फाटे घेऊन जाळ झोडपायला जी सहा-सात माणसे धावली, त्यांत साठीच्या आतले एकच होते. प्यायचे पाणीच टँकरने येते तिथे आगीवर ओतायला पाणी कुठून आणणार? जळणारे गवत हे त्यांच्या जनावरांचे पावसाळ्यापर्यंतचे वैरण असते, आणि माळावर उघड्यावर घातलेली टिटवीची अंडीही त्याच जाळात जातात. अशा वेळी शहरातून आलेले चार धडधाकट लोक धुरात अडकले, तर त्या सहा-सात जणांनी आग विझवायची की आम्हाला शोधायचे?

सायकलस्वारांनी आग विझवायला धावावे, असे मी म्हणत नाही. आमचे सायकलचे कपडे पॉलिस्टरचे असतात आणि ते धगीने वितळून कातडीला चिकटतात. आग झोडपण्याची सवय आम्हाला नसते. आणि घाट चढताना आपण विश्रांतीच्या कितीतरी पट हवा आत घेतो, त्यामुळे धुरातले सूक्ष्म कणही त्याच प्रमाणात छातीत जातात, ज्यांना तोंडावर बांधलेला ओला रुमाल अडवू शकत नाही. आमच्याकडून एक काम मात्र इतर कोणापेक्षा चांगले होऊ शकते, आणि ते म्हणजे वेळेवर वर्दी देणे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीच्या सूचना पाठवते. पण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातात, आणि दोन तासांत माळ काळा करून विझणारी गवताची आग त्या दोन फेऱ्यांच्या मधेच उरकून जाऊ शकते. सोंडेवरची पहिली रेघ बहुतेक वेळा आम्हाला दिसते आणि आमच्या प्रत्येकाच्या हँडलवर किंवा खिशात जागेचे अक्षांश-रेखांश दाखवणारे यंत्र असते. सुरक्षित जागी परतल्यावर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर, तो न लागल्यास ११२ वर, ते आकडे, जवळच्या वस्तीचे नाव आणि वाऱ्याची दिशा सांगायला पाच मिनिटे पुरतात. त्या रविवारी साडेनऊ वाजता आम्ही हे केले असते, तर दीड तास हाताशी मिळाला असता.

चहासाठी चूल पेटवणे किंवा गॅसची छोटी शेगडी सोबत नेणे या चार महिन्यांत पूर्ण बंद झाले पाहिजे. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात. शेताचे धुरे (बांध) पेटवणारा शेतकरी असो, बिडी टाकणारा वाटसरू असो की आमच्यासारखा हौशी, गवताला सगळे सारखेच. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार आणि अभयारण्यात आग लावणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार गुन्हा आहे, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शिरताही येत नाही. मात्र कुठे गावाचे गायरान संपते आणि कुठे अभयारण्य सुरू होते, हे सांगणारी पाटी अनेक आतल्या वाटांवर मला दिसलेली नाही.

म्हणून वन विभागाला आणि डोंगरपट्ट्यातील ग्रामपंचायतींना विनंती आहे की फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेले मोकळे पट्टे, काढल्या जातात, तेव्हाच वाटेच्या तोंडाशी पाट्या लावाव्यात आणि हंगामात बंद असलेल्या वाटांची यादी आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर द्यावी. आपल्या दैनिकाने जिल्ह्याच्या पानावर हवामानाच्या चौकटीखाली ती यादी छापली, तर शनिवारी रात्री सायकलींत हवा भरणाऱ्या प्रत्येकापर्यंत ती पोहोचेल. आम्ही चौघांनी आमच्यापुरते असे ठरवले आहे की १५ फेब्रुवारीनंतर डोंगरात जाण्याआधी पायथ्याच्या गावात थांबून कुठे धूर आहे का हे विचारायचे, आणि परतताना त्याच घरी येऊन आम्ही चौघेही खाली उतरल्याचे सांगायचे.

आपला,
एक सायकलस्वार शिक्षक, बीड