रिव्हॉल्व्हरला वेगळी चाळणी लावा

संपादक महोदय,
मराठवाड्यात शस्त्र परवान्यांची चर्चा निघाली की बारा बोर (लांब नळीची बंदूक) आणि पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर एकाच तागडीत तोलतात. कायदा तसे तोलत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम १३(३) पाहा. संरक्षणासाठी किमान २० इंच गुळगुळीत नळीची बंदूक किंवा पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक यांना एक न्याय. रिव्हॉल्व्हर मात्र ‘सबळ कारण’ असेल तरच. हे कारण कागदावर ‘जिवाला धोका’ एवढ्यावर भागते, तिथेच घोळ आहे.

रानडुकरे हुसकावायला रिव्हॉल्व्हर कुचकामी. आखूड नळीने अंधारात नेम धरणे अवघडच. पण ती सदऱ्याखाली मावते, म्हणून वरातीत आणि रीलमध्ये तीच मिरवते. (जीव धोक्यात घालणाऱ्या अशा हौशी गोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीने २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.)

नूतनीकरण ५ वर्षांनी येते. तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाने काडतुसे किती घेतली, किती उरली, रिकाम्या पुंगळ्या कुठे, हे मोजून घ्यावे. धोका अजून आहे का, याचा पोलिसांकडून ताजा अहवाल मागवावा. गावठी कट्टे यात येत नाहीत, ते वेगळे दुखणे.

– एक वाचक, गेवराई (जि. बीड)