‘वाढीचं दुखणं’ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. लहान मुलांचा कर्करोग वेळेत ओळखला जावा, म्हणून हे पत्र. माझी मुलगी आता नववीत आहे. ती दुसरीत होती तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत रात्री उठून ‘पाय दुखतात’ म्हणून रडायला लागली. आजीनं तेल चोळलं. मी म्हणालो, वाढीचं दुखणं आहे, दिवसभर हुंदडते म्हणून होतं. पोरांची दुखणीखुपणी रोज ऐकणारा मास्तर, आणि घरात हे शहाणपण मीच पाजळलं.

पुढचे अकरा आठवडे मी नंतर कॅलेंडर समोर ठेवून मोजले. आधी कॅल्शियमची बाटली. मग ताप आला म्हणून अँटिबायोटिक, तो उतरेना म्हणून दुसरं. मग गुडघा सुजला. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ‘सांध्याचा ताप’ सांगून गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांत पोरगी अंगणात पळायला लागली. आम्ही त्यांना पेढे नेऊन दिले. गोळ्या संपल्यावर दहा-बारा दिवसांत ताप परत आला, चेहरा पांढराफटक पडला, पोटऱ्यांवर मार न लागता काळेनिळे डाग उठले. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टर मॅडमनी रक्ताची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घेतली, स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावला आणि त्याच रात्रीची लातूर एक्स्प्रेस पकडायला सांगितलं. परळला टाटा रुग्णालयात निदान झालं: एएलएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग.

त्या जादूच्या गोळ्या स्टिरॉइडच्या होत्या. स्टिरॉइड हे या कर्करोगावरच्या उपचारातलंच एक औषध. ते एकटंच, थोडे दिवस दिलं की रोगट पेशी तात्पुरत्या दबतात, ताप उतरतो, सूज जाते. आजार मात्र आत तसाच राहतो, निदान लांबतं आणि पुढे उपचार किती कडक ठेवायचे याचा अंदाजही बिघडू शकतो. ज्यांनी ते दिलं त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, कारण लहान मुलाला कर्करोग होतो हे त्यांच्या किंवा माझ्या मनातच आलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे की, मुलाला ताप आणि हाडं-सांधे दुखणं असेल तर रक्त आणि स्मिअर पाहिल्याशिवाय स्टिरॉइड देऊ नये, ही ओळ आपल्या खात्याच्या शिक्क्यानिशी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तालुक्यातल्या प्रत्येक खासगी डॉक्टरच्या टेबलावर पोचावी. ही ओळ पोचवायला यंत्र लागत नाही.

अडीच-तीन वर्षं उपचार चालले. त्या काळात परळच्या बाकांवर बसून आईबापांच्या गोष्टी ऐकल्या. एकाच्या मुलाच्या मानेला गाठ. गाठीचा तुकडा न तपासताच टीबी समजून सहा महिने गोळ्या दिलेल्या. एकाच्या पोराचा गुडघ्यावरचा भाग सुजलेला, तो हाडवैद्याकडून महिनाभर चोळून घेतलेला. एका बाईच्या दीड वर्षाच्या बाळाचा डोळा अंधारात मांजरासारखा चमकायचा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत एक बुबुळ लाल आणि एक पांढरं दिसत होतं. घरचे म्हणाले, फोटोच खराब आला. तो डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग होता, रेटिनोब्लास्टोमा. तो बहुधा पाच वर्षांच्या आतच दिसतो. लवकर कळला तर मूल जवळजवळ नेहमीच वाचतं, पुष्कळदा डोळा आणि नजरही वाचते. उशीर झाला की आधी डोळा जातो.

आपल्या आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर कर्करोगाची चित्रं आहेत, पण ती सगळी तंबाखूची. असायलाच हवीत. मात्र मुलांचा कर्करोग व्यसनातून येत नाही, बहुतेकदा कशातून येतो तेही सांगता येत नाही. तिशीनंतर तोंडाची, स्तनांची, गर्भाशयमुखाची जशी सरसकट तपासणी होते, तशी मुलांसाठी नाही. म्हणजे लक्षण ओळखणं, एवढंच हातात उरतं. दोन आठवड्यांवर रेंगाळणारा ताप, फिकटपणा, कारण नसताना डाग किंवा रक्तस्राव, झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं, पोटात, मानेत किंवा कुठेही गाठ, सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी, चालताना तोल जाणं, नव्यानं आलेला तिरळेपणा, पांढरं बुबुळ. यातलं बरंचसं साध्या आजारातही होतं, हे मान्य. म्हणून ‘तिसरी खेप’ हा नियम करा: तेच मूल त्याच तक्रारीनं तिसऱ्यांदा आलं की चौथी बाटली नको, तपासणी हवी.

हे सांगितल्यानं फरक पडतो का, असं आपले अधिकारी विचारतील. त्यांना आमच्या शेजारच्या बार्शीला पाठवा. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसं गावोगाव जाऊन बायकांशी बोलत राहिली. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. नुसत्या बोलण्यानं! होंडुरास या गरीब देशात लसीकरण मोहिमेबरोबर पांढऱ्या बुबुळाची माहिती दिली गेली, तर निदानावेळीच कर्करोग डोळ्याबाहेर पसरलेल्या मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ३५ वर आलं. आपल्याकडे तर लसीकरणाचा दिवस, अंगणवाडी, आशाताई, सगळं तयारच आहे.

आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची सुरुवात झाली ती महाराष्ट्रात, पालघरला. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. उंची, वजन, दात, डोळे, कान बघतं. सुरुवातीला ठरलेल्या ३० आजारांच्या यादीत फाटलेला ओठ होता, दात किडणं होतं, कर्करोग नव्हता. त्या पथकाला बुबुळ बघायला एक टॉर्च आणि वर दिलेली आठ-नऊ लक्षणं द्या. पोटाला हात लावून गाठ बघायला शिकवा, पण हळू, कारण मूत्रपिंडाची गाठ दाबायची नसते.

चिठ्ठी लिहून मोकळं होणं मात्र नको. पुढे पाठवलेलं मूल पोचलं का, हे कोणीतरी फोन करून विचारायला हवं, विशेषतः मुलगी असेल तर. देशातल्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत मुलग्यांपेक्षा मुली कमी येतात, आणि आजारातला फरक तेवढा नसतो. बाकीच्या मुली कुठे राहतात, हे मी आपल्याला सांगायला नको.

महात्मा फुले योजनेचा आधार आहे, पण तो निदानानंतर. श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये जगासाठी २०३० पर्यंत किमान ६० टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं. आपण कुठे आहोत हे कळायला पहिल्या तक्रारीची तारीख आणि निदानाची तारीख, अशा दोन तारखा प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर लिहायला सांगा. माझ्या मुलीच्या त्या दोन तारखांमध्ये अकरा आठवडे होते. ती वाचली. तिच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा चार महिन्यांनी पोचला होता.

यंदा आमच्या शाळेत पथक आलं की वर्गात अंधार करायला खिडक्या मी लावून घेईन. टॉर्च आणि पथकाच्या तपासणीच्या तक्त्यात या लक्षणांसाठी एक रकाना, एवढं आपल्याकडून यावं.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक
लातूर जिल्हा